पडायला शिकवणारी तालीम

२७ जून २००२ रोजी प्रसारित झालेल्या ‘स्मॅकडाउन’ या अमेरिकी रेसलिंगच्या टीव्ही कार्यक्रमात कर्ट अँगल रिंगच्या मधोमध उभा राहून आव्हान देत होता. माझ्याशी आजवर एकदाही न लढलेला कुणी गडी असेल तर त्याने समोर यावं! अँगल नुसता तोंडाळ नव्हता. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये १०० किलो गटाचं सुवर्णपदक त्याने खऱ्याखुऱ्या कुस्तीत मिळवलं होतं. पडद्याआडून एक पोरगा आला. आखूड केस, साधी चड्डी, घडीव अंग. अँगलने नाव विचारलं. जॉन सीना, उत्तर आलं. तुझ्यात असं आहे काय, की तू माझ्यासमोर उभा राहतोस? पोराने ‘रूथलेस अ‍ॅग्रेशन’ एवढे दोनच शब्द उच्चारले आणि ऑलिंपिकविजेत्याच्या कानाखाली जाळ काढला.

तीनच दिवसांपूर्वी हा कार्यक्रम चालवणाऱ्या कंपनीचे मालक व्हिन्स मॅकमहन यांनी आपल्या पैलवानांकडून नेमकी हीच ‘निर्दय आक्रमकता’ मागितली होती. ती घेऊन हा नवखा हजर! लढत तो हरला, पण हरता हरता अँगलला घाम फोडून गेला. पडद्यामागे त्या वेळचा विजेता अंडरटेकर याने त्याच्याशी हात मिळवला. टीव्हीवर दिसलेली गोष्ट अशी, की कुठूनसा एक अनोळखी मुलगा आला आणि त्याने उंबरा ओलांडला.

प्रत्यक्षात हा ‘अनोळखी’ मुलगा तीन वर्षं कॅलिफोर्निया आणि केंटकीतल्या छोट्या रिंगांत रोज पाठीवर आपटत होता. त्या पडण्याचा पगार अलीकडे कंपनीच देत होती.

आपल्याकडच्या मैदानात हलगी कडाडत असते आणि पंचांपासून झाडावर चढून बसलेल्या पोरांपर्यंत सगळ्यांची नजर एकाच गोष्टीवर असते: पाठ कधी लागते? पाठ लागली की कुस्ती निकाली. अमेरिकी व्यावसायिक रेसलिंगमध्ये उलटं आहे. पाठ लावून घेता येणं ही तिथल्या नोकरीची पहिली अट. निकाल आधीच ठरलेला, म्हणून आपण ‘नूरा कुस्ती’ म्हणत हात झटकतो. पण नूरा कुस्तीत बघणाऱ्याला फसवलेलं असतं. इथे बघणाऱ्यालाही सगळं ठाऊक असतं. १९८९ मध्ये मॅकमहन यांच्या कंपनीने न्यू जर्सीच्या सिनेटपुढे उघड सांगून टाकलं, की हा खेळ नव्हे, करमणूक आहे. क्रीडा आयोगाच्या नियमांतून आणि करातून सुटका व्हावी, हा त्यामागचा व्यवहारी हिशेब.

करमणूक आहे म्हणून जमीन मऊ होत नाही. रिंग म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, फळ्यांवर फोमचा पातळ थर आणि वर ताणलेलं कॅनव्हास. त्यावर पडण्याला त्या धंद्यात ‘बंप’ म्हणतात. हनुवटी छातीला चिकटवायची, म्हणजे डोक्याची मागची बाजू आपटत नाही. पाठीचा वरचा भाग एकदम सपाट टेकवायचा, दोन्ही हातांचे तळवे त्याच क्षणी मॅटवर आपटायचे, श्वास सोडून द्यायचा. तळव्यांच्या आपटण्याने मार पसरतो आणि आवाजही होतो. तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे. नवशिक्याकडून हे एका दिवसात किती वेळा करून घ्यायचं, याला मर्यादा नसते. अमेरिकेत बहुतेक पकडी डाव्या बाजूने धरतात. पहिल्यांदाच भेटलेल्या दोघांना न बोलता कळावं, की हात कुठे येणार आहे, म्हणून हा रिवाज. पुढचा डाव एकमेकांच्या कानात कुजबुजून सांगायचा आणि तो प्रेक्षकांना ऐकू जाऊ द्यायचा नाही. (सीना पुढे मोठा झाल्यावरही ही कुजबुज इतक्या मोठ्याने करायचा, की टीव्हीचा मायक्रोफोन ती पकडायचा. चाहत्यांनी त्यावर यथेच्छ टिंगल केली.)

२००० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये मधल्या सुट्टीत रेसलिंगचे ट्रम्प कार्ड खेळले जायचे. उंची, वजन, छाती, दंड, रँक. कसं पडता येतं, याचा रकाना त्या पत्त्यांवर नव्हता.

पडण्याचं हे सगळं तंत्र शिकवणाऱ्या शाळा पूर्वी कंपनीला उघडाव्या लागत नव्हत्या. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रेसलिंग अलायन्सने अमेरिकेची वाटणी करून टाकली होती. मेम्फिस एकाचं, फ्लोरिडा दुसऱ्याचं, पोर्टलंड तिसऱ्याचं. तमाशाचे फड जसे गावोगाव फिरत, तसा नवा रेसलर एका इलाख्यातून दुसऱ्या इलाख्यात जायचा. काही महिने इथे खलनायक, काही महिने तिथे सज्जन. प्रत्येक ठिकाणी जुनी खोडं त्याला रिंगमध्येच शिकवत. वाईट लढत झाली तर दोनशे लोकांसमोर व्हायची आणि पुढच्या गावाला तिचा पत्ताही नसायचा. १९८२ मध्ये व्हिन्स मॅकमहन यांनी वडिलांची कंपनी विकत घेतली, केबल टीव्हीच्या जोरावर ती देशभर नेली, आणि काही वर्षांत हे इलाखे एकेक करून बुडाले. प्रतिस्पर्धी संपले तशा शाळाही संपल्या. स्वतःच तोडलेल्या झाडाची फळं आता कुठून आणायची, हा प्रश्न पुढे मॅकमहन यांच्याच दारात येऊन उभा राहिला.

सुरुवातीला उत्तरं तात्पुरती होती. १९९६ मध्ये ड्वेन जॉन्सन नावाच्या तरुणाला मेम्फिसला धाडलं गेलं. तिथे तो ‘फ्लेक्स कावाना’ या नावाने लढला. पुढे जग त्याला ‘द रॉक’ म्हणून ओळखू लागलं. कर्ट अँगललाही ऑलिंपिकचं सोनं गळ्यात असूनही मेम्फिसच्या छोट्या रिंगमध्ये जावं लागलं, कारण त्याला पाडायला येत होतं, पडायला नव्हे. मग कंपनीने छोट्या संस्थांशी रीतसर करार केले. कंपनीने मुलं पाठवायची, पगार द्यायचा; त्या संस्थेने त्यांना आपल्या रोजच्या खेळांत उतरवून घडवायचं. इंग्रजीत यांना ‘डेव्हलपमेंटल’ म्हणतात. आपल्या शब्दांत, कंपनीच्या खुराकावर चालणारी तालीम.

जॉन सीनाचा जन्म २३ एप्रिल १९७७ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्ट न्यूबरी या लहानशा गावचा. पाच भावांतला दुसरा. स्प्रिंगफील्ड कॉलेजात तो अमेरिकन फुटबॉल खेळला, संघाचा कर्णधार झाला आणि व्यायामशास्त्राची पदवी घेऊन १९९८ मध्ये बाहेर पडला. मग शरीरसौष्ठवाच्या नादाने कॅलिफोर्निया गाठलं. व्हेनिसच्या प्रसिद्ध गोल्ड्स जिममध्ये नोकरी, जोडीला लिमोझिन चालवणं. काही काळ तो स्वतःच्या गाडीत झोपत होता, असं त्याने पुढे अनेकदा सांगितलं आहे. वडील रेसलिंगचे भक्त असल्यामुळे घरात हे वेड लहानपणापासून होतंच.

१९९९ मध्ये तो अल्टिमेट प्रो रेसलिंग, म्हणजे यूपीडब्ल्यू, या दक्षिण कॅलिफोर्नियातल्या संस्थेत दाखल झाला. रिक बॅसमन ती चालवत. इथे मुलांना आधी पाठीवर पाडायचे आणि मग नाव द्यायचे. सीनाला मिळालेलं नाव होतं ‘द प्रोटोटाइप’: अर्धा माणूस, अर्धं यंत्र. तो यंत्रमानवासारखा तुटक बोलायचा, स्वतःच्या शरीराचं वर्णन कारखान्यातल्या मालासारखं करायचा. आज त्या चित्रफिती बघवत नाहीत. हसू येतं आणि कीवही. पण त्या सोंगामागचा विचार समजण्यासारखा आहे. ज्याच्याकडे दाखवायला फक्त शरीर आहे, त्याला शरीराचंच सोंग दिलं. यूपीडब्ल्यूमध्ये त्याच सुमारास सामोआ जोही होता, ज्याची वाट पुढे सर्वस्वी वेगळी ठरली. इतर संस्थांमध्ये दीड दशक नाव कमावून तो २०१५ मध्ये मोठ्या कंपनीच्या एनएक्सटी या नव्या तालमीत आला. एकाच तालमीतली दोन मुलं. एकाला कंपनीने लगेच उचललं, दुसऱ्याला पंधरा वर्षांनी.

एप्रिल २००० मध्ये सॅन डिएगोत सीना यूपीडब्ल्यूचा विजेता झाला. ऑक्टोबरमध्ये मोठ्या कंपनीने त्याला टीव्हीच्या चित्रीकरणाआधीच्या, प्रसारित न होणाऱ्या लढतीत आजमावून पाहिलं. तो हरला, पण नजरेत भरला. २००१ मध्ये करार झाला आणि त्याची रवानगी केंटकीतल्या लुईव्हिलला झाली.

लुईव्हिल म्हणजे ओहायो नदीकाठचं, घोड्यांच्या शर्यतीसाठी नावाजलेलं शहर. तिथे डॅनी डेव्हिस या निवृत्त रेसलरकडून ओहायो व्हॅली रेसलिंग, अर्थात ओव्हीडब्ल्यू, ही संस्था चालवली जात होती. गोदामासारखी इमारत, काही शे प्रेक्षक आणि स्थानिक वाहिनीवरच्या आठवडी कार्यक्रमाचं दर बुधवारी चित्रीकरण. कथा रचायचा जिम कॉर्नेट. हा माणूस जुन्या इलाख्यांच्या जमान्यात टेनिसची रॅकेट हातात घेऊन फिरणारा कजाग मॅनेजर म्हणून गाजला होता. त्याने १९९० च्या दशकात टेनेसीच्या डोंगराळ भागात स्वतःची संस्था चालवून बुडवलीही होती. प्रेक्षक म्हणजे गिऱ्हाईक नव्हे, तो गावातलाच माणूस, त्याला पुढच्या आठवड्यात पुन्हा यावंसं वाटलं पाहिजे, ही त्याची धारणा. बुडालेल्या इलाख्यांचं शहाणपण अशा रीतीने, इलाखे बुडवणाऱ्या कंपनीच्याच पैशावर, लुईव्हिलमध्ये तग धरून राहिलं.

त्या दोन-तीन वर्षांत त्या इमारतीत एकाच वेळी कोण कोण होतं, याची यादी बघितली की थक्क व्हायला होतं. ब्रॉक लेस्नर, २००० चा अमेरिकी महाविद्यालयीन कुस्तीचा हेवीवेट विजेता. शेल्टन बेंजामिन, त्याचाच मिनेसोटा विद्यापीठातला जोडीदार. रँडी ऑर्टन, ज्याचे वडील आणि आजोबा दोघेही याच धंद्यातले. आणि डेव्ह बटिस्टा. बटिस्टाची कथा विशेष. तिशीच्या उंबरठ्यावर तो प्रतिस्पर्धी डब्ल्यूसीडब्ल्यू कंपनीच्या अटलांटातल्या ‘पॉवर प्लांट’ या शाळेत गेला आणि तिथल्या शिक्षकाने त्याला तुझ्याच्याने हे होणार नाही असं सांगून परत पाठवलं. लुईव्हिलमध्ये कॉर्नेटने त्याला ‘लेव्हायथन’ हे राक्षसाचं सोंग दिलं. हा प्राणी ओहायो नदीच्या पाण्यातून वर आला, अशी कथा! शहरातल्या लोकांना रोज दिसणारी नदी; तिच्यातूनच राक्षस काढला की तो आपला वाटतो. दूरच्या कंपनीच्या लेखकाला ही युक्ती सुचली नसती.

सीनाला इथेही ‘प्रोटोटाइप’ म्हणूनच उभं केलं. पण काम बदललं होतं. दर आठवड्याला टीव्ही म्हणजे दर आठवड्याला बोलणं, आणि बोलणं चुकलं की समोरचे तेच लोक पुढच्या बुधवारी तोंडावर जांभई देणार. २० फेब्रुवारी २००२ रोजी त्याने लेव्हायथनला हरवून ओव्हीडब्ल्यूचा पट्टा जिंकला आणि साधारण तीन महिने तो सांभाळला. नंतर एकाच वसंतात हे सगळे उडून गेले: मार्चमध्ये लेस्नर, एप्रिलमध्ये ऑर्टन, मेमध्ये बटिस्टा, जूनमध्ये सीना. लेस्नर तर ऑगस्टमध्ये द रॉकला हरवून २५ व्या वर्षी मुख्य विजेता झालाही. एका गोदामाने एका वर्षात चार भावी जागतिक विजेते दिले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. तालीम झाली, पैलवान तयार झाला, मैदान मारलं. पण २००२ च्या पावसाळ्यानंतर सीनाकडे बघितलं, तर हा मुलगा बुडतोय हे शेंबडं पोरही सांगेल. अँगलसमोरची थप्पड लोकांनी लक्षात ठेवली आणि थप्पड मारणाऱ्याला विसरले. जुलैत त्याने नावाजलेल्या ख्रिस जेरिकोला हरवलं, पण पुढे काय, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. ज्या गावात खेळ असेल तिथल्या संघाच्या रंगाची चड्डी घालून तो रिंगमध्ये यायचा, हसायचा, लढायचा, जायचा. यंत्रमानवाचं सोंग काढून घेतलं, त्या जागी काहीच दिलं नाही. पडायला उत्तम येत होतं. डाव येत होते. अंग तर होतंच. कंपनी त्याला वर्षअखेरीस काढून टाकण्याच्या बेतात होती, असं तो स्वतः सांगतो.

मग ती बस. त्या शरदात कंपनीचा ताफा युरोपच्या दौऱ्यावर होता. बसच्या मागच्या बाकांवर काही जण रॅप करत बसले होते. एकाने ओळ टाकायची, दुसऱ्याने तिथल्या तिथे यमक जुळवून उत्तर द्यायचं, शक्यतो समोरच्याची अब्रू काढत. आपल्या कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबाची आठवण यावी असा प्रकार. फक्त डफ-तुणतुण्याच्या जागी बाकावरचा ठेका. शाळेपासून हिप-हॉपचं वेड असलेला सीना त्यात घुसला आणि एकेकाला लोळवू लागला. हे ऐकणाऱ्यांत स्टेफनी मॅकमहन होती, मालकाची मुलगी आणि ‘स्मॅकडाउन’च्या लेखनाची जबाबदारी असलेली. टीव्हीवर करशील का, तिने विचारलं.

३१ ऑक्टोबर २००२ च्या हॅलोविनच्या भागात सीना व्हॅनिला आइस या गोऱ्या रॅपरचा वेश करून आला आणि त्याने रॅप केलं. वेश विनोदी होता, यमकं नव्हती. काही आठवड्यांतच चड्डी जाऊन जुन्या खेळाडूंच्या जर्सी, अर्धी विजार, गळ्यात कुलूप लावलेली साखळी आली. लढतीआधी तो प्रतिस्पर्ध्यावर चार कडवी रचून म्हणायचा, बरीच टीव्हीवर दाखवण्याजोगी नसायची, आणि ज्याला हुर्यो मिळायला हवी त्या खलनायकाच्या कडव्याला लोक टाळ्या देऊ लागले. मार्च २००३ च्या रेसलमेनिया या कंपनीच्या वार्षिक सोहळ्यात त्याने जे-झी या रॅपरचा पुठ्ठ्याचा कटआउट शेजारी उभा करून रॅप केलं. दोन वर्षांनी, ३ एप्रिल २००५ च्या रेसलमेनियात, लॉस एंजेलिसमध्ये जेबीएल या तेव्हाच्या विजेत्याला हरवून तो मुख्य विजेता झाला. पुढच्याच महिन्यात त्याचा रॅपचा अल्बम बाजारात आला.

यातून तालीम निरुपयोगी होती असा निष्कर्ष काढणारे आहेत. ते चूक आहेत. बसमधल्या यमकबाजीने फार तर दोन महिने नोकरी वाचवली असती. टीव्हीवर दर आठवड्याला, थेट प्रेक्षकांसमोर, हातात मायक्रोफोन घेऊन ते उभं करायला लुईव्हिलच्या बुधवारांची सवय लागत होती, आणि कडवं संपल्यावर वीस मिनिटं न दमता, कुणाला न मोडता लढायलाही. मात्र तालमीने दिलेलं सोंग त्याला कधीच लागू पडलं नाही. सापडलं ते वेगळ्याच ठिकाणी, आणि ते सोंग नव्हतंच, शाळेतल्या पोराची जुनी आवड होती. लेव्हायथनचंही तेच. बटिस्टा मोठा झाला तो राक्षस म्हणून नव्हे, तर सूट-बूट घालून ट्रिपल एच या बड्या रेसलरच्या मागे दोन वर्षं उभा राहिला आणि २००५ च्या त्याच रेसलमेनियात त्यालाच उलथवून विजेता झाला, तेव्हा.

गंमत अशी, की पूर्ण तालमीतून आलेल्या या माणसालाच प्रेक्षकांतला एक मोठा वर्ग ‘तुला लढताच येत नाही’ असं ओरडून सांगत राहिला. ११ जून २००६ रोजी न्यूयॉर्कच्या हॅमरस्टीन बॉलरूममध्ये रॉब व्हॅन डॅमशी त्याची लढत होती. जुन्या ईसीडब्ल्यू संस्थेचे कट्टर चाहते खचाखच भरले होते. सीनाने नेहमीप्रमाणे आपला टी-शर्ट प्रेक्षकांत फेकला. त्यांनी तो परत फेकला. त्याने पुन्हा फेकला. पुन्हा परत. सीना जिंकला तर दंगल करू, असा फलकच कुणीतरी धरला होता. या चाहत्यांना वाटायचं की खरा कारागीर छोट्या स्वतंत्र संस्थांमध्ये, पैशाविना, घाम गाळून घडतो आणि सीना हा कंपनीने साच्यातून काढलेला माल. गाडीत झोपून यूपीडब्ल्यूत पडायला शिकणारा पोरगा त्यांच्या हिशेबात बसत नव्हता.

दरम्यान साचाच बदलला. २००५ मध्ये कॉर्नेटने एका शिकाऊ मुलाला थपडा मारल्या. बूगीमॅन नावाच्या भीतिदायक पात्राकडे बघून तो हसला, एवढंच कारण. कॉर्नेटची नोकरी गेली. (तो मुलगा दोनच वर्षांत सँटिनो मरेला बनून टीव्हीवर आला आणि लोकांना हसवण्यासाठीच प्रसिद्ध झाला.) २००८ मध्ये कंपनीने लुईव्हिलशी करार संपवला. तोवर फ्लोरिडातल्या टँपामध्ये एफसीडब्ल्यू ही नवी शाळा सुरू झाली होती. २०१२ मध्ये तिचं रूपांतर एनएक्सटीत झालं. त्या एनएक्सटीचा पहिला विजेता ठरवण्याच्या अंतिम लढतीत सेथ रोलिन्ससमोर होता जिंदर महल, कॅनडात वाढलेला पंजाबी मुलगा. रोलिन्स जिंकला. तो पट्टा त्याच्या हाती सोपवला डस्टी ऱ्होड्स यांनी. प्लंबरचा मुलगा असल्याचं अभिमानाने सांगणारे, जाडजूड, बोबडे आणि तरीही अमेरिकी रेसलिंगमधले सर्वांत प्रभावी वक्ते. एनएक्सटीत ते मुलांना बोलायला शिकवत, आणि २०१५ मध्ये वारले तेव्हा त्यांच्या वर्गातली एक पूर्ण पिढी टीव्हीवर होती.

११ जुलै २०१३ रोजी ऑर्लँडोमध्ये ‘परफॉर्मन्स सेंटर’ उघडलं. २६,००० चौरस फूट जागा, सात रिंग, त्यांतली एक उंच उड्यांच्या सरावासाठी मऊ गादीची. फिजिओ, वैद्यकीय खोली, कॅमेऱ्यासमोर एकट्याने बोलून स्वतःलाच बघण्याची सोय. लुईव्हिलच्या गोदामाशेजारी हे ठेवलं तर गावची तालीम आणि क्रीडा प्रबोधिनी यांच्यात जो फरक, तोच. दुखापतींच्या बाबतीत ही प्रगती निर्विवाद आहे. प्रेक्षकांच्या बाबतीत मात्र शंका येते. ऑर्लँडोचा प्रेक्षक हा चाहता होता, मुलांना घडताना बघायला आलेला, वाईट लढतीलाही टाळ्या देणारा. केंटकीच्या बुधवारी अशी माया नव्हती.

भारतीय मुलांसाठीही हे दार किलकिलं झालं. कविता देवी ही २०१७ मध्ये कंपनीच्या ‘मे यंग क्लासिक’ स्पर्धेत उतरली, तिथे लढलेली पहिली भारतीय महिला. मार्च २०१९ मध्ये मुंबईत निवड चाचणी झाली आणि वेगवेगळ्या खेळांतली मुलं रिंगमध्ये उतरली. आपल्या लाल मातीत घडलेल्या मुलाची अडचण अशा जागी कुठे असेल, हे ओळखणं कठीण नाही. सगळं आयुष्य पाठ वाचवण्यात गेलेलं. आता मुद्दाम, जोरात आणि सुबक आवाज करत पाठ टेकवायची.

सीनाने या नव्या शाळेच्या मुलांसाठी जे केलं, ते त्याच्या पट्ट्यांच्या हिशेबात येत नाही. २०१५ मध्ये तो युनायटेड स्टेट्स विजेता होता. दर सोमवारी रिंगच्या मधोमध उभं राहून तो आव्हान द्यायचा: ज्याला यायचं त्याने यावं. तेरा वर्षांपूर्वी अँगलने केलं होतं, अगदी तेच. ४ मे रोजी माँट्रियलमध्ये खुद्द ब्रेट हार्ट या कॅनडाच्या जुन्या विजेत्याने एका स्थानिक मुलाचं नाव पुकारलं: एनएक्सटीचा सामी झेन. गावचं लेकरू! छत कोसळेल इतका गलका. त्या जल्लोषात हात उडवत प्रवेश करतानाच झेनचा खांदा निखळला. घंटा व्हायची होती अजून. तो तसाच लढला आणि हरला. सीनाने लढत अशी नेली, की हरलेला मोठा दिसावा. दोन आठवड्यांनी एनएक्सटीचा विजेता केव्हिन ओवेन्स समोर आला आणि ३१ मे रोजी त्याने सीनाला स्वच्छ, कुठल्याही लबाडीविना चितपट केलं. कानाखाली जाळ काढणारा पोरगा आता दुसऱ्या बाजूला उभा होता आणि त्या बाजूचं काम त्याला नीट ठाऊक होतं.

एप्रिल २०२५ मध्ये लास व्हेगासला कोडी ऱ्होड्सला, म्हणजे डस्टींच्या मुलाला, हरवून सीना सतराव्यांदा विजेता झाला. ओव्हीडब्ल्यू आज स्वतंत्रपणे सुरू आहे. तिच्या ओढाताणीवर नेटफ्लिक्सने २०२३ मध्ये ‘रेसलर्स’ नावाची मालिका काढली. तिथल्या रिंगमध्ये अजून मुलं पाठीवर पडतात, पण मोठ्या कंपनीचा पगार नाही.

१३ डिसेंबर २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये सीनाची शेवटची लढत झाली. त्या रात्रीचा कार्यक्रम बघण्यासारखा होता. मोठी नावं भरण्याऐवजी आधीच्या लढतींत नव्या मुलांना जागा दिली होती. कोडी ऱ्होड्ससमोर एनएक्सटीचा विजेता ओबा फेमी, विद्यापीठात गोळाफेक करता करता कंपनीने हेरलेला नायजेरियन तरुण. बेलीसमोर सोल रुका, जिम्नॅस्टिक्सच्या अंगाने आलेली. एजे स्टाइल्स आणि ड्रॅगन ली यांच्यासमोर जेव्हॉन एव्हन्स आणि लिऑन स्लेटर ही जोडी.

शेवटी सीनासमोर होता ऑस्ट्रियाचा गुंथर. तोही एनएक्सटीच्या ब्रिटिश शाखेचा ८७० दिवस विजेता राहिलेला. गुंथरने मागून गळ्याला विळखा घातला. अशा पकडीत हार मानायची नाही, हा सीनाचा जवळपास वीस वर्षांचा बाणा होता आणि सभागृहातल्या लहान मुलांच्या टी-शर्टांवरही तो छापलेला होता. लोक उभे राहून ओरडत होते. सीना किंचित हसला, आणि हाताचा तळवा मॅटवर आपटला. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.